तेलाच्या सनदेवर वसलेले बंदर

पूर्वेकडील द्वीपसमूहातील जी जुनी बंदरे इतिहासात नावाजली, त्यांतील बहुतेकांचा उदय एखाद्या मोठ्या नदीच्या आश्रयाने झाला. बारितो नदीच्या खोऱ्याने बंजारमासिन पोसले, ब्रांतासच्या फाट्यावर सुराबाया भरभराटीस आले, महाकामच्या काठी समरिंडा वसले; मुलखातील मिरी, वेत, राळ, मेण आणि इमारती लाकूड प्रवाहाबरोबर खाली यावे, मुखाशी परदेशी गलबतांनी नांगर टाकावेत, वखारी उभ्या राहाव्यात आणि वखारींभोवती पेठ वाढावी, असा तो शतकानुशतकांचा क्रम होता. बोर्निओच्या, म्हणजे आजच्या कालिमंतानच्या, पूर्व किनाऱ्यावरील बालिकपापान या शहराला मात्र हा नियम लागू पडत नाही. त्याच्या पाठीशी महानदी नाही, सुपीक खोरे नाही, पुरातन राजधानी नाही. मकासारच्या सामुद्रधुनीतून आत शिरलेली एक खोल आणि निवाऱ्याची खाडी, तिच्या कडेने पसरलेली खारफुटीची वने, मागे बुटक्या टेकड्या आणि मासेमारीवर गुजराण करणाऱ्या काही वाड्या, एवढेच काय ते तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होते. हे शहर निर्माण केले ते एका सनदेने; आणि त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत त्याच्या वाट्याला जे वैभव आणि जो विध्वंस आला, त्या दोहोंचे मूळ त्या सनदेतच शोधावे लागते, असे माझे मत आहे.

सनद देणारा दरबार कुताईचा. हे नाव भारतीय वाचकाने आदराने ऐकावे असे आहे, कारण इंडोनेशियातील सर्वांत प्राचीन उपलब्ध शिलालेख याच मुलखात, महाकाम नदीच्या काठी मुआरा कामान येथे सापडले. इसवी सनाच्या सुमारे ४०० या काळातील ते यूपस्तंभ पल्लव लिपीत आणि शुद्ध संस्कृत छंदात कोरलेले असून, कुंडुंग, त्याचा पुत्र अश्ववर्मा आणि त्याचा पुत्र मूलवर्मा अशी राजपरंपरा ते सांगतात; मूलवर्म्याने ब्राह्मणांना वीस सहस्र गाई दान दिल्या, असाही त्यांत उल्लेख आहे. पुढे राज्ये बदलली, धर्म बदलला, आणि कुताई कर्तनेगारा या नावाची सल्तनत तेंगारोंग येथून कारभार पाहू लागली. १८४४ साली डचांनी तिच्याशी तह करून तिला आपल्या वर्चस्वाखाली घेतले. तथापि जमिनीवरचा आणि जमिनीखालचा हक्क सुलतानाकडे राहिला, आणि खाणकामाची परवानगी हवी असेल त्याने प्रथम सुलतानाची सही आणि मग डच सरकारची मंजुरी मिळवावी, असा रिवाज पडला.

या रिवाजाचा पुरेपूर उपयोग करून घेणारा मनुष्य म्हणजे याकोबस हुबर्टस मेन्टेन हा डच खाण-अभियंता. कोळशाच्या शोधात तो कुताईत आला, सुलतान अजी मुहम्मद सुलैमान यांचा विश्वास त्याने संपादन केला, आणि कोळशाच्या मक्त्यापाठोपाठ १८८८ साली खनिज तेलाचे मक्तेही मिळविले. या क्षेत्रांना ‘लुईसे’ आणि ‘मातिल्डा’ अशी नावे पडली. पहिले महाकामच्या त्रिभुज प्रदेशात सांगा-सांगा येथे, आणि दुसरे बालिकपापानच्या खाडीच्या काठी. झऱ्यांवर तेलाचा तवंग दिसतो ही गोष्ट तेथील रहिवाशांना नवी नव्हती. नवी होती ती त्या तवंगाचे कागदावर भांडवल करण्याची विद्या. परंतु कागद हाती असला तरी जंगल तोडून, यंत्रे आणून, सहस्र फूट खोल छिद्र पाडण्याइतका पैसा मेन्टेनपाशी नव्हता, आणि तो पैसा शोधीत तो अखेर लंडनला मार्कस सॅम्युएल यांच्या पेढीपर्यंत पोहोचला.

सॅम्युएल बंधूंची त्या वेळची अवस्था समजून घेतल्याखेरीज पुढचा प्रसंग नीट उमगणार नाही. शंखशिंपल्यांचा आणि पूर्वेकडील नाना वस्तूंचा व्यापार करणाऱ्या या पेढीने रशियातील बाकूचे रॉकेल आशियात विकण्याचा धाडसी बेत आखला होता. १८९२ साली त्यांचे ‘म्यूरेक्स’ हे टाकीचे जहाज सुएझच्या कालव्यातून तेल घेऊन पार झाले. डब्यांत भरून तेल नेण्याचा जुना खर्चिक प्रकार मागे पडला, आणि पौर्वात्य बंदरांतून तेल साठविण्याच्या लोखंडी टाक्या उभ्या राहिल्या. पण हा सारा डोलारा दुसऱ्याच्या तेलावर उभा होता. बाकूचा पुरवठा रॉथ्सचाइल्ड घराण्याच्या मर्जीवर अवलंबून होता, आणि अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी किमती पाडून प्रतिस्पर्ध्यांना नामोहरम करण्यात निष्णात होती. आशियाच्या बाजारपेठेजवळच आपल्या मालकीची विहीर असावी ही मार्कस सॅम्युएल यांची निकड होती, आणि नेमक्या त्या वेळी मेन्टेन सनद घेऊन दारात उभा राहिला.

विहीर खणण्याची कामगिरी सॅम्युएल यांचा भाचा मार्क अब्राहम्स याच्याकडे आली. टाक्या बांधण्याचा अनुभव त्याच्या गाठी होता. तेल शोधण्याचा मुळीच नव्हता. यंत्रसामग्री शेकडो मैलांवरून समुद्रमार्गे यायची, ती खाडीच्या काठी उतरवून दलदलीतून ओढीत न्यायची, ज्वराने माणसे पडायची, पावसाने वाटा वाहून जायच्या. चिनी आणि जावानी मजुरांच्या खांद्यावर हे सारे काम चालले. त्या मजुरांची नावे कोणत्याही दप्तरात ठळकपणे नोंदलेली नाहीत, आणि या शहराचा इतिहास लिहिताना हीच उणीव मला सर्वांत अधिक बोचते. कारण सही करणारा सुलतान, मक्ता घेणारा अभियंता आणि पैसा घालणारा व्यापारी हे तिघेही ज्या ठिकाणी क्वचितच राहिले, तेथे प्रत्यक्ष राहून मेले ते हे लोक. १० फेब्रुवारी १८९७ ही मातिल्डा क्षेत्रातील विहीर खणल्याची तारीख शहराने पुढे आपला जन्मदिवस म्हणून स्वीकारली आणि आजही तो दिवस समारंभपूर्वक पाळला जातो. शहराचा वाढदिवस विहिरीच्या वाढदिवसावरून ठरावा, अशी उदाहरणे जगात फार नसतील.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमध्ये ‘शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग कंपनी’ची स्थापना झाली. बोर्निओच्या तेलाने मात्र आरंभी निराशाच केली. ते जड होते, आणि ज्या रॉकेलाच्या दिव्यांसाठी सारी धडपड चालली होती त्या रॉकेलाचा अंश त्यात थोडा होता. हा दोष गुणात परिवर्तित करण्याची दूरदृष्टी मार्कस सॅम्युएल यांनी दाखविली, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. हे जड तेल जहाजांच्या बॉयलरखाली कोळशाऐवजी जाळता येईल आणि व्यापारी नौकाच काय, आरमारेही उद्या तेलावर चालतील, असे ते वर्षानुवर्षे प्रतिपादन करीत राहिले. ब्रिटिश नौदलाला ते पटण्यास बराच काळ जावा लागला. पण पटल्यानंतर जगाचे राजकारणच पालटले.

शुद्धीकरणाचा कारखाना बालिकपापानलाच का, याचे उत्तर भूगोलात आहे. सांगा-सांगा आणि सांबोजा येथील विहिरींतून तेल भरपूर निघे. परंतु महाकामचे मुख गाळाने उथळ झालेले, तेथे मोठ्या जहाजांचा निभाव लागणे अवघड. बालिकपापानची खाडी मात्र खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित. म्हणून तेल नळांवाटे किनाऱ्याकिनाऱ्याने खाडीवर आणले गेले आणि तेथे भट्ट्या, टाक्या, धक्के उभे राहिले. १९०७ साली शेल आणि रॉयल डच या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे एकत्रीकरण झाले, व द्वीपसमूहातील उत्पादनाचा कारभार ‘बाटाफ्शे पेट्रोलियम माट्स्खापाय’ या त्यांच्या शाखेकडे गेला. ‘बी.पी.एम.’ ही तिची आद्याक्षरे पुढे अर्धशतकभर बालिकपापानात सरकारच्या हुकुमाइतकीच वजनदार ठरली. याच शेल कंपनीच्या भागीदारीतून १९२८ साली आपल्याकडे बर्मा-शेल निघाली. महाराष्ट्रातील खेडोपाडी रॉकेलचे डबे पोहोचविणारी आणि १९५५ साली मुंबईच्या माहुलला तेलशुद्धीकरण कारखाना उभारणारी ती हीच.

बोर्निओच्या तेलाचा आणखी एक गुण पहिल्या महायुद्धात उघड झाला. त्यात टोल्यूइन हे द्रव्य विपुल असे, आणि टी.एन.टी. हे स्फोटक त्यापासूनच बनते. तेलातून टोल्यूइन वेगळे काढणारे शेलचे यंत्र तटस्थ हॉलंडमध्ये रॉटरडॅमला होते. १९१५ च्या आरंभी ते सुटे करून, गुप्तपणे समुद्र ओलांडून इंग्लंडमधील पोर्टिसहेड येथे आणले गेले व पुन्हा जोडले गेले. फ्लांडर्सच्या रणभूमीवर फुटलेल्या तोफगोळ्यांमध्ये कुताईच्या भूमीचा असा अंश होता. आणि त्या युद्धाशी कुताईच्या रयतेचा काडीमात्र संबंध नव्हता.

दोन महायुद्धांच्या दरम्यान शहराला त्याचा स्थायी आकार आला. पालेंबांगखालोखाल डच ईस्ट इंडीजमधील सर्वांत मोठे तेलशुद्धीकरण केंद्र अशी त्याची ख्याती झाली. खाडीच्या काठी कारखाना, त्याच्यामागच्या टेकड्यांवर वारा येईल अशा जागी युरोपियन अधिकाऱ्यांचे बंगले आणि त्यांचा क्लब. खाली पांडानसारीच्या सखल भागात कामगारांच्या वस्त्या. आणि त्याही पलीकडे कांपुंग बारूच्या बाजूला पाण्यात खांब रोवून बांधलेली लाकडी घरे, ज्यांत दक्षिण सुलावेसीहून आलेले बुगी, बंजारमासिनकडचे बंजार, जावानी, आणि मूळचे पासेर व कुताई लोक राहत. चिनी दुकानदारांची पेठ या सर्वांना जोडणारी. कोणी किती उंचीवर राहावे हे कंपनीतील हुद्द्यावरून आणि कातडीच्या रंगावरून ठरे. तरीही या सखल भागातच खरे शहर घडत होते, हे विसरता येत नाही. मशिदी, बाजार, पाठशाळा, निरनिराळ्या बेटांवरून आलेल्या लोकांची परस्परांत होणारी लग्ने, आणि सर्वांना समजणारी मलय बोली यांतून कंपनीच्या नकाशात नसलेला एक समाज तयार होत होता.

पाण्याचा प्रश्न येथे प्रथमपासून होता. मोठी नदी नसल्यामुळे तेल थंड करण्यास व वाफ निर्माण करण्यास लागणारे गोडे पाणी आणायचे कोठून? शहराच्या उत्तरेस वाईन नावाच्या लहान नदीचे खोरे आहे. तेथील अरण्य १९३४ साली सुलतानाच्या हुकुमाने राखीव झाले, आणि त्या अरण्यातून झिरपणारे पाणी कारखान्याला मिळत राहिले. आज त्या भागातील सखल प्रदेशातले जे थोडे नैसर्गिक वन शिल्लक आहे, ज्यात सूर्य-अस्वल आणि ओरांगउटान यांना आसरा मिळतो, त्याच्या रक्षणाचे एक कारण तेलाच्या कारखान्याची तहान हे आहे.

मग १९४१ साल उजाडले. जपानने दक्षिण हिंदी-चीनमध्ये फौजा उतरविताच अमेरिकेने जुलैअखेर जपानी मालमत्ता गोठविली, आणि डच सरकारनेही तेलाची वाट बंद केली. परकीय तेलावाचून ज्याचे आरमार चालू शकत नाही अशा राष्ट्राला बोर्निओ आणि सुमात्रा यांखेरीज दुसरा मार्ग उरला नाही. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, ११ जानेवारी १९४२ रोजी, जपानी सैन्य बोर्निओच्या ईशान्येकडील तारकान या तेलाच्या बेटावर उतरले. तेथे कैद केलेल्या दोन डच अधिकाऱ्यांच्या हाती जपान्यांनी बालिकपापानला निरोप धाडला, की तेलाची सामग्री नष्ट केलीत तर एकाही डचाची गय केली जाणार नाही. डचांनी धमकी जुमानली नाही. भट्ट्या, नळ, धक्के सुरुंगांनी उडविण्यात आले, टाक्यांतील तेल पेटविण्यात आले. ज्या कारखान्यासाठी चार दशके माणसे झिजली तो त्याच्या बांधणाऱ्यांनीच काही दिवसांत भस्मसात केला.

२३ जानेवारीच्या रात्री जपानी ताफा खाडीसमोर नांगरला. किनाऱ्यावर तेल जळत होते, आणि त्या ज्वाळांच्या पार्श्वभूमीवर जपानी वाहतूक जहाजांच्या आकृती समुद्रावरून स्पष्ट दिसत होत्या. मध्यरात्रीनंतर ‘जॉन डी. फोर्ड’, ‘पोप’, ‘पॅरट’ आणि ‘पॉल जोन्स’ या चार जुन्या अमेरिकन विनाशिका त्या ताफ्यात घुसल्या आणि चार वाहतूक जहाजे व एक गस्ती नौका बुडवून निसटल्या. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर अमेरिकन नौदलाने जहाजांनी जहाजांशी दिलेली ही पहिलीच लढाई. पण तिने परिणाम बदलला नाही; दुसऱ्या दिवशी बालिकपापान जपानी ताब्यात गेले. आणि धमकी पोकळ नव्हती, हे फेब्रुवारीत सिद्ध झाले. मागे राहिलेल्या ७८ युरोपियनांना, ज्यांत धर्मोपदेशक आणि इस्पितळातील रुग्णही होते, किनाऱ्यावर नेऊन ठार करण्यात आले. तेलाच्या विहिरींसाठी घडलेल्या अत्याचारांत या दिवसाची नोंद ठळक अक्षरांत व्हावयास हवी.

जपानी नौदलाने कारखाना दुरुस्त करून पुन्हा चालू केला, आणि म्हणूनच तो पुन्हा लक्ष्य झाला. ऑगस्ट १९४३ मध्ये अमेरिकन बॉम्बर विमाने ऑस्ट्रेलियातील डार्विनहून येथवर आली. १९४४ च्या ३० सप्टेंबरपासून १८ ऑक्टोबरपर्यंत न्यू गिनीजवळच्या नोएमफूर बेटावरून जाऊन-येऊन अडीच हजार मैलांचा पल्ला गाठीत पाच मोठे हल्ले झाले. १ जुलै १९४५ रोजी ऑस्ट्रेलियाची सातवी डिव्हिजन क्लांडासानच्या किनाऱ्यावर उतरली. दुसऱ्या महायुद्धातील समुद्रमार्गे झालेली ही शेवटची मोठी चढाई. सुमारे ३३,००० लोक या मोहिमेत होते. उतरण्यापूर्वी दोन आठवड्यांहून अधिक काळ आरमाराने आणि विमानांनी किनारा भाजून काढला होता. ऑस्ट्रेलियाचे सेनापती ब्लेमी यांनी या मोहिमेच्या उपयुक्ततेविषयी आधीच शंका घेतली होती. अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांनी ती बाजूस सारली आणि त्याच दिवशी ते स्वतः किनाऱ्यावर उतरले. २२९ ऑस्ट्रेलियन सैनिक येथे कामी आले. जपानी मृतांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दीड महिन्यात जपान शरण आले. बालिकपापानच्या तेलाचा एक थेंबही त्या शरणागतीच्या कामी आला नाही, म्हणून ब्लेमी यांची शंका रास्त होती असेच आज म्हणावे लागते. त्या २२९ जणांच्या शौर्याला त्यामुळे उणेपणा येत नाही.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी जकार्ता येथे स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्यानंतर डच परत आले आणि बी.पी.एम.ही परतली. १९४९ अखेर सत्ता इंडोनेशियन प्रजासत्ताकाकडे गेली तरी कारखाना कंपनीकडेच राहिला, आणि स्वतंत्र देशात परकीयांचे हे संस्थान अधिकाधिक खुपू लागले. २८ एप्रिल १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष सुकर्णो यांच्या सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या गटाच्या साह्यार्थ अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेच्या वैमानिकाने चालविलेले, कोणतीही निशाणी नसलेले एक बी-२६ विमान खाडीवर आले. त्याने ‘सान फ्लाव्हियानो’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज आणि इंडोनेशियन नौदलाची ‘हांग तुआह’ ही युद्धनौका बुडविली. ब्रिटिश जहाजांनी घाबरून बंदर सोडावे, हाच त्यामागे हेतू होता, आणि काही काळ तो साध्यही झाला. शेलची येथील मालमत्ता अखेर इंडोनेशिया सरकारने १९६५ च्या अखेरीस विकत घेतली. १९६८ पासून कारखान्यावर ‘पेर्तामिना’ या राष्ट्रीय कंपनीचे नाव आले.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण तो भरभराटीचा आहे. १९७० नंतर महाकामच्या मुखासमोरील समुद्रात आणि त्रिभुज प्रदेशात अट्टाका, बेकापाई, हांडिल, बडाक अशी क्षेत्रे सापडली. अमेरिकन व फ्रेंच कंपन्यांनी आपली कचेरी बालिकपापानात थाटली. बडाकच्या वायूसाठी उत्तरेस बोंतांग येथे द्रवीकरणाचा कारखाना उभा राहिला, आणि १९७७ च्या ऑगस्टमध्ये त्याचे पहिले जहाज जपानकडे रवाना झाले. ज्या मुलखातील इंधन मिळविण्यासाठी जपानने १९४२ साली सैन्य पाठविले, तेथील इंधन त्याला पस्तीस वर्षांनी साध्या विक्रीच्या करारनाम्याने मिळाले. १९८३ मध्ये शुद्धीकरणाचा दुसरा कारखाना पुरा झाला, दोहोंची मिळून क्षमता दररोज २,६०,००० बॅरल झाली, आणि अलीकडे ती ३,६०,००० पर्यंत नेण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,८८,००० च्या वर गेली. विमानतळाला सुलतान अजी मुहम्मद सुलैमान यांचे नाव आहे, म्हणजे मेन्टेनच्या मक्त्यावर सही करणाऱ्या त्याच राजपुरुषाचे. जवळच नुसांतारा ही नवी राजधानी उभारण्याचा निर्णय २०१९ साली जाहीर झाल्यापासून तेथे येणारे-जाणारे बहुतेक लोक याच विमानतळावरून जातात-येतात.

पण खाडीने सोसलेले अद्याप संपलेले नाही. ३१ मार्च २०१८ रोजी कोळसा नेणाऱ्या ‘एव्हर जजर’ या जहाजाच्या नांगराने समुद्रतळावरील तेलाचा नळ फोडला, पाण्यावर पसरलेल्या तेलाने पेट घेतला आणि पाच मच्छीमार मरण पावले. खारफुटी काळवंडली, आणि खाडीत राहणाऱ्या पेसुत जातीच्या डॉल्फिनांपैकी एक मृतावस्थेत किनाऱ्याला लागला. सनद काढणाऱ्यांच्या आधीपासून या खाडीवर ज्यांचा उदरनिर्वाह चालत होता, त्या मच्छीमारांची माणसे त्या दिवशी गेली. नव्या राजधानीचे नकाशे काढणाऱ्यांनी या वाड्यांचा हक्क प्रथम नोंदवावा, ही मागणी तेथील लोक करीत आहेत आणि ती सर्वस्वी न्याय्य आहे. बाकी राहिला पाण्याचा प्रश्न: दररोज लक्षावधी बॅरल तेल गाळणाऱ्या या शहराच्या नळांना आजही मुख्यतः मांगर येथील पावसावर भरणाऱ्या जलाशयाचेच पाणी येते, आणि पाऊस लांबला की ते कमी पडते.